पानांवरचे तपकिरी डाग: औषधाची पुडी फोडण्याआधी कुंडी उपडी करा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, सोसायटीला बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी. हॉलमध्ये दोन स्पायडर प्लांट, एक पीस लिली, एसीच्या समोर अरेका पाम आणि पश्चिमेच्या खिडकीत मनी प्लांट. फेब्रुवारीपासून पानांवर तपकिरी डाग पडायला लागले. नर्सरीवाल्यानं बुरशीनाशकाची पुडी दिली, ती दोनदा फवारली, फरक नाही. मग झाडांना जोर यावा म्हणून खत वाढवलं, तर डागही वाढले. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंय: ‘पाणी मी एक दिवसाआड न चुकता घालते. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून तेच वापरते, तेवढीच बचत.’

ताई, तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर त्या शेवटच्या वाक्यातच आहे. उरलेल्या निम्म्यासाठी एकेका झाडाकडे वेगळं बघावं लागेल. चारही प्रकारच्या झाडांवर डाग तपकिरी आहेत एवढंच त्यांच्यात सारखं आहे, कारणं चार असू शकतात. मी 22 वर्षं नर्सरी चालवतोय आणि ऑफिसांमधल्या कुंड्यांची देखभाल करतोय. ‘रोग पडलाय’ म्हणून घरोघरून आलेली झाडं कुंडीतून काढून बघितली, की दहातल्या सात-आठांत दुखणं पाण्याचं किंवा मुळांचं निघतं. पानावर खरोखरची बुरशी असलेली थोडीच.

आधी ते आरओचं पाणी. हे यंत्र क्षार नाहीसे करत नाही. चांगल्या पाण्यातून काढून दुसऱ्या नळीनं बाहेर सोडतं. समजा तुमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस 600 आहे, म्हणजे एका लिटरमध्ये 600 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. (पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या मानकात 500 ही स्वीकार्य मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात.) एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाहेर पडत असेल, तर चार लिटरमधले जवळजवळ सगळे क्षार त्या तीन लिटरमध्ये गोळा होतात. 600 चे झाले 800. आता आठवड्याला एका कुंडीत असं एक लिटर पाणी धरा. बारा आठवड्यांत साडेनऊ ग्रॅम क्षार झाले, म्हणजे चहाचे जवळजवळ दोन चमचे. कुंडीखाली बशी आहे, बशीतलं पाणी कुंडी परत पिते, तर ते जाणार कुठे? पाणी उडून जातं, क्षार मातीतच राहतात. त्यावर तुम्ही खत वाढवलंत. खत म्हणजेही क्षारच.

झाड हे पाणी मुळांतून वर ओढतं आणि पानातून वाफ करून सोडतं. क्षार पानातच राहतात, आणि प्रवाह जिथे संपतो तिथे, म्हणजे टोकाला आणि कडेला, साठत जातात. म्हणून आधी टोक जळतं, मग कड. स्पायडर प्लांट तर यात फारच हळवा. त्याला फ्लोराइडही सोसत नाही; ड्रेसिना आणि कॅलेथियाचंही तेच. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात ‘टोकाचा इंचभर भाग कागदासारखा तपकिरी आणि बाकी पान हिरवंगार’ असं आहे. ही क्षारांचीच सही. बुरशी इतक्या शिस्तीत प्रत्येक पानाच्या टोकालाच बसत नाही.

‘पाणी रात्रभर उघडं ठेवा’ असं सगळे सांगतात. त्यानं क्लोरीन उडतं, ते ठीक. पण क्षार आणि फ्लोराइड जागचे हलत नाहीत. उकळलं तर थोडा चुना भांड्याला बसतो, बाकीचं उलट दाट होतं.

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून इतक्या ठामपणे सांगतो. धंद्याच्या सुरुवातीला एका ऑफिसात माझे चाळीसेक ड्रेसिना होते. सगळ्यांची टोकं करपली. मी महिनाभर करप्याचं, म्हणजे बुरशीच्या डागांचं, औषध मारत राहिलो, पानं पुसायला माणूस लावला, शेवटी काही झाडं बदलून दिली. नवी झाडंही दोन महिन्यांत तशीच. एकदा तिथल्या माळ्यानं सहज सांगितलं की पँट्रीतल्या मोठ्या आरओच्या मागच्या नळीलाच त्यानं झारी लावलीय. मी दुसऱ्या दिवशी टीडीएस मोजायचं पेन घेऊन गेलो. कुंडीवर साधं पाणी ओतलं आणि खालून गळालेलं कपात धरलं. वरून घातलेलं 150 चं होतं, खालून आलेलं 1,800 च्या वर. मातीच्या कुंड्यांवर बाहेरून पांढरी पपडी आली होती, ती मी महिनाभर रोज बघत होतो आणि ‘जुन्या कुंड्या’ म्हणून सोडून देत होतो.

हे पेन दोनशे-तीनशे रुपयांना मिळतं. चाचणी तीच करा: शुद्ध पाणी वरून, मोजमाप खालून. आकडा वरच्याच्या कितीतरी पट आला तर कुंडी धुवायची. आठ इंची कुंडीत चार-पाच लिटर माती मावते. तिच्या दुप्पट, म्हणजे आठ-दहा लिटर चांगलं पाणी, कुंडी बाथरूममध्ये नेऊन, हळूहळू, थांबत थांबत ओता आणि सगळं वाहून जाऊ द्या. एकदम बादली उलटी केली तर पाणी कडेनं निसटतं, मातीचा गड्डा कोरडाच राहतो. त्यानंतर वाफसा येईपर्यंत पाणी नाही. शेतकऱ्याचा शब्द आहे, पण कुंडीलाही तितकाच लागू: माती ओली आहे पण चिखल नाही, हातात दाबली तर गोळा होतो आणि बोटानं ढकलला की फुटतो.

पुढे कोणतं पाणी घालायचं? महापालिकेचं धरणाचं पाणी मिळत असेल तर त्याच्याइतकं सोपं काही नाही, आपल्या काळ्या दगडाच्या मुलखातलं ते पाणी सहसा सौम्यच असतं. बोअरच असेल तर पावसाचं साठवा. एसीचं पाणीही चालतं. ते हवेतली वाफ थंड होऊन झालेलं असतं, क्षार जवळजवळ शून्य. मे महिन्यात पुण्याच्या कोरड्या हवेत ते थोडंच मिळेल, मुंबईत बादली भरते. फक्त एसीची सर्व्हिसिंग झाली की पहिल्या एक-दोन दिवसांचं पाणी फेकून द्या, त्यात धुण्याचं रसायन उतरतं. आणि आरओचं ते वाया जाणारं पाणी फरशीला, संडासाला, गाडी धुवायला वापरा. बचत तेवढीच होते.

आता पीस लिली. तिच्याबद्दल तुम्ही लिहिलंय की पानांवर मधेच काळपट तपकिरी, मऊसर डाग आहेत, भोवती पिवळं आहे, खालची पानं आधी गेली, आणि माती ओली असूनही झाड मान टाकतं म्हणून तुम्ही पाणी वाढवलंत. इथे क्षार दुय्यम आहेत. पीस लिली तहानली तरी मान टाकते आणि मुळं कुजली तरी मान टाकते. दोन्ही वेळा पानाला पाणी मिळत नसतं. एकदा कुंडीत नाही म्हणून, एकदा प्यायला मुळंच नाहीत म्हणून. फरक कळायला एकच जागा आहे, मातीत. बोटाची दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तर तहान. ओलं लागलं आणि झाड तरीही मलूल, तर पुढचं पाणी म्हणजे तिला बुडवणं.

वर्तमानपत्र पसरा, कुंडी आडवी धरा, बाजूनं थापटा आणि झाड देठांच्या बुडाशी धरून बाहेर काढा. आधी वास घ्या. निरोगी मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो. कुजलेल्या मुळांना गटाराचा. मग मुळं बघा: चांगली मुळी पांढरी किंवा फिकट पिवळसर, ताठ, चिमटीत दाबली तर तग धरते. कुजलेली तपकिरी-काळी, आणि चिमटीत ओढली की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते, आत दोऱ्यासारखा धागा उरतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुन्हा विसरणार नाही.

आणखी एक गोष्ट दिसण्याची शक्यता आहे. मुळांच्या मधोमध लाल-काळ्या चिकट मातीचा क्रिकेटच्या चेंडूएवढा घट्ट गोळा. आपल्याकडे विकली जाणारी खूपशी झाडं आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांतून ट्रकनं येतात. प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून चिकट मातीचा गोळा त्यांना सोयीचा असतो, त्यांचं चूक नाही. आपण तो तसाच कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) मिश्रणात पुरतो ही आपली चूक. बाहेरचं कोकोपीट दोन दिवसांत सुकतं, आतला गोळा आठवडाभर चिखल धरून बसतो, आणि मुळं नेमकी त्या गोळ्यात असतात. बोट बाहेरच्या बाजूला घातलं तर ‘कोरडं’ असं खोटं उत्तर मिळतं. गोळा पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून हलक्या हातानं सोडवा. सगळा निघाला नाही तरी चालेल, निम्मा तरी निघाला पाहिजे.

कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीनं कापा, जितकी मुळं गेली तितकी पानंही कमी करा, आणि झाड आधीपेक्षा लहान कुंडीत लावा. मोठी कुंडी देण्याचा मोह आवरा. जी माती मुळं पिऊ शकत नाहीत ती नुसती ओल धरते. मिश्रण साधं: एक भाग माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग भाताचं तूस किंवा परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे). कोकोपीट धुतलेलंच हवं. कोकोपीटच्या स्वस्त विटांमध्ये मीठ असतं, ती भिजवून पिळून दोन-तीन पाणी फेकल्याशिवाय वापरू नका. कुंडीच्या तळाशी खडीचा थर घालायची पद्धत आहे, तिचा निचऱ्याला उपयोग होत नाही; पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही, थराच्या वरच थबकतं आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा किंवा खापर पुरे. हात मात्र नंतर धुवा, पीस लिलीचा चीक खाजरा असतो.

मुळं कुजू नयेत म्हणून मातीत घालतात तो ट्रायकोडर्मा घालावा का, असं पुढचं पत्र येईल म्हणून आत्ताच सांगतो. नव्या मातीत गांडूळखतात मिसळून घाला, चांगलं आहे. पण तुम्ही नुकतंच बुरशीनाशक वापरलंय, आणि ट्रायकोडर्मा स्वतः बुरशीच आहे. एकाच आठवड्यात दोन्ही म्हणजे पाहुण्याला बोलावून दार लावून घेणं.

अरेका पामचं वेगळं. त्याची जुनी, खालची झावळी टोकाकडून तपकिरी होतेय आणि पानावर उजेडाकडे धरल्यावर बारीक पिवळे-नारिंगी ठिपके दिसतात, असं असेल तर पालाश (पोटॅशियम) कमी पडतंय. हे झाड पालाशला हावरट आहे. इथे बहुतेक जण करतात ती चूक म्हणजे दिसायला वाईट म्हणून अर्धवट पिवळी झावळी कापून टाकणं. झाड त्या जुन्या पानातूनच पालाश काढून नव्या पानाला देत असतं. ती कापली की ते वरच्या पानाला हात घालतं. पूर्ण वाळेपर्यंत राहू द्या, फार तर तपकिरी टोकं कातरा. कुंडी धुऊन झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी 0:0:50 हे पालाशचं खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. लगेच नाही. खारवलेल्या मातीत खत घालणं आत्ता नकोच.

पण तो एसीच्या समोर आहे, हेही विसरता येत नाही. मार्च ते मे पुण्यात दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांपर्यंत उतरते, आणि वर एसीचा सरळ झोत. तशा वेळी नव्या पानांची टोकंही वाळतात. कुंडी झोताच्या रेषेतून बाजूला करा, चार झाडं जवळजवळ ठेवा. स्प्रेच्या बाटलीनं पानं ओली करण्यात वेळ घालवू नका. ती ओल पाच-दहा मिनिटांत उडते, आणि बोअरचं पाणी असेल तर पानांवर पांढरे डाग तेवढे मागे राहतात.

मनी प्लांटचा निकाल सोपा. खिडकीकडच्या बाजूचीच पानं, आधी फिकट पांढुरकी, मग तपकिरी आणि पापडासारखी कुरकुरीत, सावलीतल्या पानांना काही नाही. ते ऊन लागलंय. हिवाळ्यात जी खिडकी सोसत होती तिथे मार्चनंतर संध्याकाळचं ऊन सरळ आत येतं. तीन फूट आत घ्या किंवा पातळ पडदा लावा. पानावर पाण्याचा थेंब राहिला की भिंगासारखं ऊन एकवटून पान जळतं, असं जे म्हणतात ते मनी प्लांटसारख्या गुळगुळीत पानाच्या बाबतीत खरं नाही.

मग खरा रोग ओळखायचा कसा? डागाच्या कडेनं मार्करनं बारीक रेघ ओढा आणि पानाच्या मागे तारीख लिहा. आठवड्यानं बघा. डाग रेघ ओलांडून गेला नसेल तर ती जुनी जखम आहे, तिला औषध नाही. रेघ ओलांडली असेल, शेजारच्या पानांवरही नवे ठिपके उठले असतील, तर संशय घ्या. बुरशीचा डाग बहुधा गोलसर असतो, कधी एकात एक वर्तुळं, कडा गडद, मधे काळे बारीक कण. शेतावर याला करपा म्हणतात. जिवाणूचा डाग पाण्यानं भिजल्यासारखा, तेलकट, शिरांशी अडून कोनाकोनाचा. डाळिंबावरचा तेल्या ज्यांनी बघितलाय त्यांना ती तेलकट चमक लगेच कळेल, घरात ती अँथुरियम आणि अ‍ॅग्लोनेमावर दिसते. जिवाणूला तुमच्या पुडीतलं बुरशीनाशक लागू पडत नाही.

दोन्हींचा पहिला उपाय एकच: डागाळलेलं पान देठासकट काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. कात्री दर कापणीला स्पिरिटनं पुसा, झाड बाकीच्यांपासून लांब ठेवा, पाणी मातीत घाला, पानांवर नको. बुरशीच्या बीजाणूला रुजायला पानावर काही तास ओल लागते. ती मिळाली नाही की बरेचसे रोग तिथेच थांबतात. एवढ्यावर थांबलं नाही तरच फवारणी: बुरशीला मँकोझेब लिटरला दोन ग्रॅम, जिवाणूचा संशय असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड अडीच ग्रॅम. तेही बाल्कनीत नेऊन, हातमोजे आणि मास्क घालून. बंद हॉलमध्ये मुलांसमोर बुरशीनाशक मारणारी माणसं मी बघितली आहेत.

किडींचं थोडक्यात: पानाखाली पांढरा कागद धरून पान टिचकीनं झटका. ठिपके चालायला लागले तर लाल कोळी किंवा फुलकिडे. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत लाल कोळी हमखास. पान आधी तपकिरी न होता बारीक पिवळसर ठिपक्यांनी मळकं दिसतं. नळाखाली पानांची मागची बाजू धुवा, मग निंबोळी तेल पाच मिली आणि भांड्यांचा द्रवसाबण एक मिली एका लिटरमध्ये, संध्याकाळी, पाच-सहा दिवसांच्या अंतरानं तीनदा.

एक गंमत. दर वर्षी कुणीतरी घाबरून नेच्याचा (फर्नचा) फोटो पाठवतं: पानांच्या मागे तपकिरी ठिपके, अगदी रांगेत, मोजून लावल्यासारखे. ते नेच्याच्या बीजाणूंचे पुंजके आहेत. झाड खुशीत आहे. मागच्या पावसाळ्यात एका काकूंनी ते सगळे जुन्या टूथब्रशनं घासून काढले होते.

तुमच्यासाठी या आठवड्याचा क्रम असा ठेवा. खत बंद. पीस लिली आज उपडी करा, तिचं थांबण्यासारखं नाही. स्पायडर प्लांट आणि अरेका रविवारी बाथरूममध्ये धुवा. मनी प्लांट आत्ता उठून आत घ्या. स्पायडर प्लांटची जळलेली टोकं कापायची असतील तर पानाच्या आकारात तिरकी कापा आणि तपकिरीची केसाएवढी रेघ शिल्लक ठेवा. हिरव्यात कात्री गेली की नवी कड पुन्हा वाळते. जे पान तपकिरी झालं ते हिरवं होणार नाही, तेव्हा जुन्या पानांकडे बघून रोज खंतावू नका.

जूनमध्ये पाऊस लागला की ‘एक दिवसाआड’ हे वेळापत्रक मोडा. तेव्हा तीच कुंडी आठ-दहा दिवस ओली राहते. पुण्यातली घरातली सगळ्यात जास्त झाडं मी जुलै-ऑगस्टमध्ये कुजलेली बघतो, मेमध्ये वाळलेली त्या मानानं कमी. पाणी घालायच्या आधी कुंडी एकदा उचलून बघायची सवय लावा. पाणी घातल्यावर किती जड आणि सुकल्यावर किती हलकी, हे पंधरा दिवसांत हाताला कळतं, मग बोटही घालावं लागत नाही.

तीन-चार आठवड्यांनी स्पायडर प्लांटच्या मधल्या पोग्यातून आलेलं नवं पान बघा. त्याचं टोक हिरवं असेल तर पाण्याचं निदान बरोबर होतं. तेही तपकिरी असेल, तर कुंडीखालून गळालेल्या पाण्याचा टीडीएस, ती कुठे ठेवलीय आणि शेवटचं खत कधी घातलं, एवढं कळवा. फोटो पाठवाल तर पानाचा नको, मुळांचा पाठवा.